अजून न मिळालेल्या उत्पन्नाचा आकडा

अमेरिकेत ज्याला नोकरीतून आरोग्यविमा मिळत नाही, त्याला दर हिवाळ्यात एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: येत्या वर्षी तुमच्या घराचं उत्पन्न किती असेल? त्या एका आकड्यावर विम्याच्या हप्त्यात सरकार किती भर घालणार ते ठरतं. पगारदाराला हा प्रश्न सोपा. केटरिंग करणारी बाई, टॅक्सी चालवणारा, कंत्राटावर सॉफ्टवेअर लिहिणारा, यांना तो जानेवारीत सुटत नाही आणि बहुधा नोव्हेंबरपर्यंतही सुटत नाही.

२०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टमधून ही मदत आली आणि २०१४ पासून ती लोकांच्या हाती पडू लागली. कायद्याच्या भाषेत ती कर-सवलत आहे, म्हणजे तिचा खरा हिशेब वर्ष संपल्यावर आयकराच्या विवरणात होतो. पण हप्ता दर महिन्याला भरायचा असतो, म्हणून अंदाजावर ती आगाऊ दिली जाते आणि पुढच्या एप्रिलपर्यंत फॉर्म ८९६२ भरून दिलेल्याचा आणि देय असलेल्याचा मेळ घातला जातो. २०२६ पासून या मेळाचे नियम फार कडक झाले आहेत. त्यावर दोन बाजूंनी बोलायला मी ह्यूस्टनमधली दोन माणसं घेतली आहेत. माणसं कल्पित आहेत. त्यांच्या विम्याचा हप्ता आणि कमाई हिशेबापुरती धरली आहे, कायद्यातले आकडे मात्र खरे आहेत.

आत्या ६२ वर्षांची. भाड्याच्या कमर्शियल किचनमध्ये केटरिंग करते. तिची निम्म्याहून जास्त कमाई गणपती ते दिवाळी या काळात होते: उकडीचे मोदक, सत्यनारायणाचे प्रसाद, मग फराळाचे डबे. तिचा नवरा, म्हणजे काका, ६३ वर्षांचे, पाइपलाइनच्या कामात सल्लागार, काम मिळेल तसं. दोघांनाही ६५ वर्षांचं झाल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे वृद्धांचा सरकारी विमा, नाही. भाचा करसल्लागार आहे. जानेवारी २०२६, विमा नोंदणीचे शेवटचे दिवस.

आत्या: तू म्हणतोस आकडा सांग. अरे, मला कुठे माहीत आहे? गेल्या वर्षी एका लग्नाचं काम आलं आणि चार महिन्यांचं उत्पन्न एका आठवड्यात झालं. आदल्या वर्षी काकांचं कंत्राट मार्चमध्येच तुटलं. मी काय सांगू?

भाचा: अंदाज सांग. प्रामाणिक अंदाज. कायदा तेवढंच मागतो.

आत्या: तेवढंच मागत असता तर बरं होतं. अंदाज चुकला तर?

भाचा: तर फरक भरायचा. त्यात अन्याय काय आहे सांग. मदत उत्पन्नाच्या प्रमाणात आहे. उत्पन्न जास्त झालं तर जास्तीची मदत तुझी नव्हतीच. आयकरात आपण हेच करतो ना? तिमाही कर अंदाजाने भरतो आणि शेवटी हिशेब करतो.

आत्या: आयकरात मी चार हजार जास्त कमावले तर त्यातले हजार-दीड हजार जातात. इथे किती जातात ते तू मला कागदावर दाखव.

भाच्याने मांडलेला हिशेब असा. दोघांचा मिळून प्रमाणभूत सिल्व्हर योजनेचा, म्हणजे जिच्यावरून मदत मोजतात त्या योजनेचा, हप्ता महिन्याला २,२०० डॉलर धरू, म्हणजे वर्षाला २६,४००. (६४ वर्षांच्या माणसाला २१ वर्षांच्या माणसाच्या तिपटीपर्यंत हप्ता लावायला कायद्याची परवानगी आहे, त्यामुळे साठीच्या आसपासच्या जोडप्याला हे ओझं सगळ्यात जड.) २०२५ सालापर्यंत नियम असा होता की प्रमाणभूत योजनेसाठी उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांपेक्षा जास्त कोणालाच भरावं लागू नये, बाकीचं सरकार भरेल. ८२,००० ऐवजी ८६,००० कमावले, तर परत करायचे ते त्या चार हजारांचे साडेआठ टक्के, म्हणजे ३४० डॉलर.

ही वाढीव मदत कोविडच्या काळात, २०२१ मध्ये आली, २०२२ च्या कायद्याने लांबली आणि २०२५ च्या शेवटच्या दिवशी संपली. तिच्यावरूनच १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस अमेरिकी सरकारचं कामकाज बंद राहिलं, तरी ती वाचली नाही. २०२६ पासून मूळ मर्यादा परत आली आहे. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या चौपट असेपर्यंत मदत, एक डॉलर वर गेला की शून्य, म्हणजे सरळ कडाच. दोघांच्या कुटुंबाला ही मर्यादा ८४,६०० डॉलर.

आता पुन्हा तेच उदाहरण. अंदाज ८२,००० लिहिला तर आत्याने स्वतः भरायचे उत्पन्नाच्या ९.९६ टक्के, वर्षाला ८,१६७ डॉलर. सरकारने भरायचे १८,२३३. प्रत्यक्षात उत्पन्न ८६,००० झालं तर परत करायचे सगळेच १८,२३३.

आत्या: म्हणजे चार हजार कमवायचे आणि अठरा हजार द्यायचे.

भाचा: त्या चार हजारांवरचा आयकर वेगळा.

आत्या: आणि ही तुझ्या मते न्यायाची गोष्ट?

भाचा: कड्याचं मी समर्थन करत नाही. कडा वाईटच आहे. पण कडा ही एक गोष्ट आणि हिशेबाचा मेळ ही दुसरी. तू दोन्ही एकत्र करतेस. मी मेळाच्या बाजूने बोलतोय.

आत्या: मला भरायची रक्कम एकच येते रे. तिच्यातला किती भाग कड्याचा आणि किती मेळाचा, हे वेगळं करून मला काय मिळणार?

इथे आत्याचं म्हणणं मला पटतं, पण भाच्याची बाजू वरवर ऐकून सोडण्यासारखी नाही. आधीच्या नियमात परतफेडीला कमाल मर्यादा होती. २०२५ च्या हिशेबात दारिद्र्यरेषेच्या तिप्पट ते चौपट उत्पन्न असलेल्या जोडप्याला चूक कितीही मोठी असली तरी ३,२५० डॉलरपेक्षा जास्त परत करावे लागत नव्हते आणि गरिबांसाठी ही मर्यादा त्याहून बरीच खाली होती. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ही मर्यादा २०२६ पासून सरसकट काढून टाकली. का काढली, हे भाचा सांगतो.

भाचा: टेक्ससमध्ये काय चालायचं ते तुला माहीत आहे. इथे मेडिकेड, गरिबांचा सरकारी विमा, वाढवलेलं नाही. मुलं घरी नसलेल्या, धडधाकट माणसाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असेल तर त्याला ना मेडिकेड ना ही सवलत. म्हणून एजंट सांगायचे, रेषेच्या थोडं वर लिही, हप्ता शून्य होईल. काही दलालांनी तर लोकांना न विचारता त्यांची नावं नोंदवली आणि दलाली खाल्ली. आकडा काहीही लिहिला तरी शेवटी फारसं बिघडत नाही, हे एकदा कळलं की आकड्याला अर्थ राहत नाही. या मदतीचा पैसा कोणाचा आहे? गोदामात काम करणाऱ्याचा, ज्याच्या पगारातून त्याच्या विम्याचा हप्ता आधीच कापला जातो.

आत्या: दलालाला पकडा. माझ्या मोदकांच्या पैशातून दलालाचं पाप का फेडायचं? आणि रेषेच्या खालचा माणूस जास्त आकडा लिहितो तो चोरी करायला नाही, डॉक्टरकडे जायला. त्याला सरळ मार्ग नाही म्हणून.

भाचा: खालच्या माणसाला कायदा थोडा सांभाळतो. त्याने प्रामाणिकपणे रेषेच्या वर अंदाज दिला, आगाऊ मदत घेतली आणि मग वर्ष वाईट गेलं, तर ती मदत त्याच्याकडून काढून घेत नाहीत.

आत्या: म्हणजे कमी कमावणाऱ्याला अंदाज चुकायची सूट आहे आणि चार डबे जास्त विकणाऱ्याला नाही.

भाचा: हो. तसंच आहे.

आत्या: आणि तू गोदामातल्या माणसाचं नाव घेतलंस ना, त्याचं पुढे सांगते. त्याच्या कंपनीने त्याच्या विम्यासाठी भरलेले पैसे त्याच्या उत्पन्नात धरत नाहीत. बरोबर?

भाचा: बरोबर. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर बंधन होतं, तेव्हा कंपन्या विमा देऊ लागल्या. १९५४ च्या करकायद्यात ते कायमचं झालं.

आत्या: त्या कंपनीच्या सर्वात वरच्या साहेबाला पण लागू?

भाचा: लागू. उलट त्याचा कराचा दर जास्त, म्हणून त्याचा फायदा जास्त.

आत्या: मग त्याला कोणी विचारतं का, येत्या वर्षी बोनस किती मिळेल? जास्त मिळाला तर विम्यावरची करसवलत परत मागतात का? सरकारचा पैसा दोन्हीकडे जातो. एकाला हिशेब विचारत नाहीत, दुसऱ्याकडून शेवटचा डॉलर वसूल करतात. फरक एवढाच की त्याचं नाव पगारपत्रकावर आहे आणि माझं नाही.

भाचा यावर थोडा वेळ गप्प राहिला असता, कारण या प्रश्नाला चांगलं उत्तर नाही. नोकरीतल्या विम्यावरची करमाफी ही अमेरिकेच्या करव्यवस्थेतल्या सर्वात मोठ्या सवलतींपैकी एक आहे. तिचं अंदाजपत्रक कोणी दर वर्षी मंजूर करत नाही, तिच्यासाठी सरकार बंद पडत नाही, म्हणून ती दिसत नाही. मार्केटप्लेसवर, म्हणजे या मदतीचा विमा जिथून घेतात तिथे, २०२५ मध्ये सुमारे २ कोटी ४० लाख लोक होते. त्यांची मदत दिसते, म्हणून तिच्यावर वाद होतो.

करसल्लागार मात्र तत्त्वावर हरला तरी तपशिलावर उभा राहतो, आणि तपशील इथे खरोखर उपयोगाचा आहे.

भाचा: आत्या, तू रागावलीस तरी चालेल, पण हे ऐक. कायदा तुझं ढोबळ उत्पन्न पाहत नाही, वजावटीनंतरचं पाहतो. तू सेप आयआरए उघड, स्वतःचा धंदा असणाऱ्यांचं निवृत्तीचं खातं. तुझ्या निव्वळ नफ्याच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके पैसे त्यात टाकता येतात आणि ते उत्पन्नातून वजा होतात. मुख्य म्हणजे ते वर्ष संपल्यावर, विवरण भरायच्या तारखेपर्यंत टाकता येतात. म्हणजे २०२७ च्या मार्चमध्ये तुझा आकडा पक्का कळल्यावरही. ८६,००० झाले तर दोन हजार सेपमध्ये टाक, उत्पन्न ८४,०००. परत करायचे फक्त १९९ डॉलर.

आत्या: दोन हजार टाकले की अठरा हजार वाचतात?

भाचा: वाचतात. आणि ते दोन हजार तुझेच राहतात. शिवाय २०२६ पासून मार्केटप्लेसवरच्या सगळ्या ब्रॉन्झ योजनांबरोबर एचएसए, म्हणजे औषधोपचारासाठीच्या बचतीचं खातं, उघडता येतं. तेही एप्रिलपर्यंत भरता येतं.

आत्या: चांगलं आहे. पण मार्चमध्ये माझ्याकडे दोन हजार सुटे असतील म्हणून. आमच्या किचनला भाज्या आणून देणारा माणूस आहे. त्याने सहा हजार जास्त कमावले तर ते घरभाड्यात गेलेले असतात. त्याला सेप माहीत नाही आणि त्याला करसल्लागार भाचाही नाही. ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याला या कड्यावरून उतरायला शिडी, बाकीच्यांनी खाली पडायचं. तुझा उपाय खरा आहे, पण तो नियमाचा बचाव होत नाही.

भाचा: नाही होत. मी आज तुझा फॉर्म भरतोय, म्हणून तुझ्यापुरतं सांगितलं. आता भारतातलं सांग. पुण्याच्या बँकेत ठेवी आहेत?

आत्या: एनआरई ठेव आहे, अनिवासी भारतीयांची. तिचं व्याज करमुक्त असतं.

भाचा: भारतात. इथे ते पूर्ण उत्पन्न. फ्लॅटचं भाडं?

आत्या: येतं. पण काका म्हणतात यंदा तो फ्लॅट विकून टाकावा. २००३ मध्ये घेतलेला आहे, सांभाळायला तिथे कोणी उरलं नाही.

भाचा: नफा किती होईल?

आत्या: डॉलरमध्ये चाळीसेक हजार. कर भारतात भरू ना. इथे त्याची वजावट मिळते, तूच सांगितलं होतंस.

भाचा: करातून मिळते, उत्पन्नातून नाही. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळून इथला कर कदाचित शून्य होईल, पण चाळीस हजार तुझ्या उत्पन्नात दिसणारच. तेवढं झाकायला सेप पुरणार नाही. यंदा फ्लॅट विकलास तर विम्याची सगळी मदत परत करावी लागेल.

परदेशातल्या मराठी घरांत हा हिशेब फार उशिरा कळतो, म्हणून इथे जरा थांबतो. पुण्यातला सीए भारताचा कर सांगतो, ह्यूस्टनचा अमेरिकेचा. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. विम्याची सवलत या दोघांच्या मधल्या फटीत पडते, कारण ती कर नाही आणि तरी कराच्या विवरणात आहे. शेअर विकणं, निवृत्तीच्या खात्यातून पैसे काढणं, ती रॉथ या प्रकारच्या निवृत्तीच्या खात्यात वळवणं, भावंडांत वाटणी होऊन आपल्या वाट्याला आलेल्या जमिनीच्या विक्रीवरचा नफा, हे सगळं त्याच एका आकड्यात येतं. व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०२७ पासून ही सवलत ग्रीनकार्डधारक आणि नागरिक यांच्यापलीकडे जवळजवळ कोणालाच राहणार नाही. एच-१बी आणि एच-४ वाल्यांचं नाव त्या यादीतून गेलं आहे.

भाचा: फ्लॅट तुम्ही दोघं मेडिकेअरवर गेल्यावर विका. तीन वर्षं थांबा.

आत्या: मेडिकेअरला उत्पन्न बघत नाहीत?

भाचा: बघतात, जास्त उत्पन्नवाल्यांचा हप्ता वाढवतात. जोडप्याला मर्यादा २,१८,००० ची आहे, तुमचा तिथे संबंध येणार नाही.

आत्या: तेही अंदाजावर?

भाचा: नाही. दोन वर्षांपूर्वीच्या विवरणावर. २०२६ चा हप्ता २०२४ च्या उत्पन्नावरून ठरतो.

आत्या: थांब. म्हणजे तिथे सरकार स्वतःच्या कपाटातला कागद काढून बघतं?

भाचा: हो.

आत्या: आणि मधल्या काळात काम सुटलं, उत्पन्न घटलं, तर?

भाचा: त्याचा अर्ज आहे. काम बंद झालं, नवरा किंवा बायको गेली, घटस्फोट झाला, अशा कारणांनी नवं, कमी उत्पन्न धरायला सांगता येतं.

आत्या: मग आम्हाला असं का नाही? सरकारकडे माझं २०२४ चं विवरण आहे. त्यावरून मदत ठरवा, आणि ठरली की ती पक्की. घट झाली तर मी येऊन सांगीन. वाढ झाली तर ती २०२८ मध्ये दिसेलच, तेव्हा माझी मदत कमी होईल. मला जे माहीत नाही ते मला विचारता, आणि तुम्हाला जे माहीत आहे ते बाजूला ठेवता.

भाचा: दोन अडचणी आहेत. एक, यंदा दोन लाख कमावणारा दोन वर्षांपूर्वीच्या तीस हजारांवर मदत घेईल.

आत्या: आणि दोन वर्षांनी तीस हजारांवर आला तर दोन लाखांचं ओझं उचलेल. अर्ज करून सुटेल म्हणशील, तर सुटू दे.

भाचा: तेच तर. वाढ झाली की गप्प, घट झाली की अर्ज. सरकारचा प्रत्येक वेळी तोटा. आणि दुसरी अडचण, तुझ्यासारखी जी मधे मेडिकेअरवर जाईल, तिच्याकडून ते कधीच परत मिळणार नाही.

आत्या: किती तोटा होईल तो होऊ दे. तो सरकारला झेपतो. अठरा हजार मला झेपत नाहीत.

या वादात भाच्याची अडचण खरी आहे आणि तिला किंमत आहे, पण तिची किंमत ब्रिटनने एकदा मोजून पाहिली आहे. २००३ मध्ये तिथे कुटुंबांसाठी अशीच अंदाजावर चालणारी टॅक्स क्रेडिट योजना आली. पहिल्याच वर्षी सुमारे १९ लाख कुटुंबांना जास्तीची रक्कम गेली आणि मग ती परत मागायला सुरुवात झाली. ज्यांनी ती केव्हाच किराणा आणि भाड्यात खर्च केली होती, त्यांच्याकडून. ओरड इतकी झाली की वर्षभरात उत्पन्न २,५०० पौंडांपर्यंत वाढलं तर दुर्लक्ष करायची जी सूट होती, ती २००६ मध्ये थेट २५,००० पौंडांवर नेली. पुढे काटकसरीच्या काळात ती टप्प्याटप्प्याने खाली आणत २०१६ मध्ये पुन्हा २,५०० वर आणली. म्हणजे प्रत्येक सरकारने एकच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला: उत्पन्न हलतं राहिलं तर त्या हलण्याचा धक्का कोणी सोसायचा. २०२५ च्या अमेरिकी कायद्याने उत्तर दिलं आहे की सगळा धक्का कुटुंबाने सोसायचा. माझ्या मते हे उत्तर चुकीचं आहे. ते कंजूष आहे हे त्याचं कारण नाही. ज्याच्या हातात अंदाज बरोबर आणण्याचं एकही साधन नाही, त्याच्यावर अंदाजाची जबाबदारी टाकली आहे, म्हणून ते चुकीचं आहे. मेळ असावा, या मुद्द्यावर मी भाच्याबरोबर आहे. तो मर्यादेशिवाय असावा आणि कड्याच्या टोकावर बसवावा, याचं समर्थन मला कुठे सापडत नाही.

भाचा: बरं. साइट वेळ संपली म्हणायच्या आत ठरवू. अंदाज ८२,००० लिहितो. फ्लॅट यंदा विकायचा नाही.

आत्या: काकांना मी सांगते.

भाचा: मदत महिन्याला १,५१९ येते, पण सगळी आगाऊ घ्यायलाच हवी असं नाही. १,२०० घेऊ. तू महिन्याला हजार भर. वर्ष ८२,००० वर बसलं तर उरलेले ३,८०० च्या आसपास करात परत मिळतील.

आत्या: हजार जड आहेत. पण भरते. आणि दिवाळी? फराळाच्या ऑर्डर मी कुठपर्यंत घ्यायच्या?

भाचा: सगळ्या घे. फक्त नवरात्र संपलं की मला जमाखर्चाची वही पाठव. खर्चाच्या पावत्यांसकट. आकडा वर चालला असेल तर तीस दिवसांच्या आत मार्केटप्लेसला कळवायचं आणि आगाऊ मदत कमी करून घ्यायची.

आत्या: आणि तरीही वर गेला तर सेप.

भाचा: तरीही वर गेला तर सेप. ऑगस्टपासूनच महिन्याला थोडे बाजूला काढून ठेव, म्हणजे मार्चमध्ये अडायला नको.

आत्या: ठेवते. आणि आपल्या भागाच्या काँग्रेसवाल्याला मी पत्र लिहिणार आहे. तू इंग्रजी तपासून दे. परतफेडीची मर्यादा परत आणा हे पहिलं, आणि मेडिकेअरसारखं जुन्या विवरणावरून मदत ठरवा हे दुसरं.

भाचा: दुसऱ्याला माझा विरोध आहे.

आत्या: सही माझी आहे. तू फक्त आकडे बरोबर आहेत का बघ.

भाचा: मग ८४,६०० आणि ८४,६०१ हे दोन आकडे वर लिही, आणि प्रत्येकासमोर मदतीची रक्कम. बाकीचं पत्र त्याखाली.